काळ्या काचेवरचा थेंब

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजता, मांडवीतल्या एका घराच्या पडवीत ठेवलेल्या दीड हात लांबीच्या लाकडी गलबताच्या काळ्या अंगावर पांढरी झाक दिसली. आदल्या संध्याकाळी सहा वाजता ती नव्हती. गलबत पाहायला त्याच दिवशी दुपारी चार वाजता राजिवड्याचे एक वृद्ध तांडेल, शिडाच्या गलबतावरचे जुने कप्तान, येणार होते. बुधवारी पहाटे ते रत्नागिरी कायमची सोडून मुलाकडे मस्कतला जाणार होते. त्यांचा डावा डोळा काचबिंदूने गेलेला होता. उजव्याचे किती दिवस उरलेत, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

गलबत बनवणारे माझे घरमालक होते. मी त्यांना काका म्हणत असे. एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी घाटावरून रत्नागिरीला आलो आणि साडेचार वर्षं त्यांच्या माडीवर भाड्याने राहिलो. काका मुंबईला जहाजबांधणीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावर ते मांडवीच्या घरी परतले आणि जहाजांच्या लहान प्रतिकृती करू लागले. पत्नी वारलेली, मुलगी पुण्याला. उंच, वाकलेले, चष्मा दोऱ्याने गळ्यात. पहिल्या भेटीत त्यांनी मला माझं नाव विचारण्याआधी गावाकडच्या विहिरीला काय लागलं ते विचारलं, मुरूम की काळा दगड. मला सांगता आलं नाही.

"घाटावरची माणसं," ते म्हणाले. "पाणी म्हणजे पाणीच समजता तुम्ही."

ते छोट्या बाटल्यांतले ॲक्रिलिक रंग वापरत. हे रंग पाण्यात मिसळतात. बाटलीतून काढला तसा लावला तर ब्रशचे ओरखडे दिसतात आणि लाकडाच्या बारीक रेघा बुजतात, म्हणून तो पातळ करून आठ-दहा हातांत चढवावा लागतो. दुधाइतका पातळ, असं काका सांगत, आणि लगेच दुरुस्ती करत. "गायीच्या. म्हशीच्या नाही."

पातळ करायला कुठलं पाणी घ्यायचं, यावर त्यांचं आयुष्यातलं बहुतेक बोलणं खर्च झालं असावं. मांडवीची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, तिचं मीठ रंगात उतरतं. नळाच्या पाण्यात औषध. बोअरच्या पाण्यात चुना. जांभ्या दगडातून झिरपलेल्या पाण्याने पांढरा रंग वर्षभरात पिवळसर पडतो. पावसाचं पाणी चांगलं, पण कौलांवरून आलेलं नाही, मोकळ्या खळ्यात परात ठेवून धरलेलं, तेही वारा समुद्राकडून नसताना. उरलं बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. ते सगळ्यांत बरं, पण विकणाऱ्याने डब्यात काय भरलंय ते विकणाऱ्यालाच ठाऊक. पिण्याच्या बाबतीत मात्र त्यांना काहीही चालत असे. एसटी स्टँडच्या टाकीचं पाणी ते नळाला ओंजळ लावून प्यायचे.

"माणसाला क्षार लागतात," ते म्हणत. "रंगाला नाही."

खात्री करायची त्यांची एकच रीत होती. पडवीतल्या टेबलावर पाठीमागून काळी रंगवलेली एक काच असे, पाटाएवढी. नवं पाणी आलं की त्याचा एक थेंब काचेवर टाकायचा, वर वाटी उपडी घालायची, धूळ नको म्हणून, आणि वाटीखाली आगपेटीच्या दोन काड्या, हवा लागावी म्हणून. समुद्रकाठच्या हवेत थेंब वाळायला चाळीस मिनिटं लागत, पावसाळ्यात दोन तास. वाळल्यावर काच तिरकी धरून उजेडात पाहायची. पांढरं कडं दिसलं तर क्षार, पिवळसर दिसलं तर लोह. काहीच दिसलं नाही तर पाणी पास. मग बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहायचं: कुठलं, कधी आणलं, तपासले. खाली सही. अक्षर ड्राफ्ट्समनचं, छापल्यासारखं. नापास थेंबांची कडी ते पुसत नसत. काच कडेपासून भरत आली होती आणि प्रत्येक कड्याखाली तशीच चिकटपट्टी होती.

एका मे महिन्यात ते गावातल्या एका बँकेच्या बाजूच्या बोळात, एसीच्या पाइपाखाली बरणी धरून बसले होते. मी बातमीसाठी तिथून जात होतो. सुरक्षारक्षक त्यांच्याशी बोलत होता.

"आजोबा, काय चाललंय?"

"पाणी भरतोय."

"घरी नळ नाय?"

"आहे. म्हणूनच इथे आलो."

रक्षकाने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने मला ओळखलं आणि प्रकरण तिथेच मिटलं. तिसऱ्या दिवशी काका पुन्हा बँकेत गेले, रांगेत उभे राहिले, आणि पाळी आल्यावर मॅनेजरना सांगून आले, "तुमचं पाणी नापास. आत धूळ फार आहे, जाळ्या साफ करून घ्या." जाळ्या साफ झाल्या की नाही, ते कळलं नाही.

त्यांच्या रागाचा मला एकदाच अनुभव आला. राहायला येऊन मला सहा महिने झाले होते. नळ गेला होता, म्हणून मी पडवीच्या फळीवरची स्टीलची बाटली घेऊन दोघांसाठी चहा केला. काकांनी कप अर्धा संपवला. मग त्यांची नजर फळीवर गेली.

"चहा कसा झालाय?" त्यांनी विचारलं.

"चांगला झालाय."

"होणारच. दोन श्रावणांचं पाणी आहे त्यात."

त्यांनी उरलेला चहाही प्यायला. पुढचे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत आणि फळीला दार आणि कुलूप लागलं.

ते कुलूप दोन वर्षांनी निघालं. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "माझा हात आता कापतो. थेंब टाकायला जातो तर दोन पडतात. तू टाकत जा." त्यानंतरच्या बाटल्यांवर माझी सही आहे. पहिल्या महिन्यात ते माझ्यामागे प्रत्येक थेंब स्वतः पाहत. नंतर पाहिनासे झाले. नुसतं विचारत, "थेंब?" मी म्हणे, "टाकला." "कडं?" "नाही." तेवढ्यावर ते ब्रश उचलत.

तांडेल आमच्याकडे पहिल्यांदा आले ते जूनमध्ये, सुनेचा हात धरून. वय पंचाऐंशीच्या पुढे. त्यांचं गलबत शिडाचं, मालवाहू. मंगलोरहून कौलं आणायचं, हंगामात मुंबईला आंबा न्यायचं. शिडांचे दिवस संपल्यावर ते खाडीच्या चिखलात ओढून ठेवलं आणि तिथेच मोडलं. फोटो एकही नव्हता. तांडेल सांगत गेले आणि काका काढत गेले. अशा अकरा बैठका झाल्या. पुढची नाळ इतकी वर नको, डोलकाठी पुढे झुकलेली हवी, मागच्या कठड्याचा एक खांब बदललेला होता, तो आखूड ठेवा.

रंगावर दोन बैठका गेल्या.

"काळा," तांडेल म्हणाले.

"डांबराचा?"

"छे. डांबर लहान मचव्यांना. आमचा तेलाचा काळा. वर्षानुवर्षं तेल पिऊन लाकूड काळं होतं ना, तसा. आत लाल दिसला पाहिजे."

काकांनी तेरा पट्ट्या रंगवल्या. तांडेलांनी प्रत्येक पट्टी उजव्या डोळ्याजवळ, नाकाला लागेल इतकी जवळ धरून पाहिली. त्यांना नळीतून पाहावं तसं मधलं थोडं दिसायचं, बाजूचं काही नाही. नववी पट्टी त्यांनी परत मागितली आणि हातातच धरून ठेवली. सून म्हणाली, "अब्बा, द्या ती त्यांना, रंग करायचाय." ते म्हणाले, "देतो ना. माझी बोट आहे, जरा बघू तरी दे."

जाताना ते काकांना म्हणाले, "मास्तर, माझा डोळा आहे तोवर करा."

काकांनी हो म्हटलं. नववी पट्टी म्हणजे खाली तांबूस आणि वर अतिशय पातळ काळ्याचे दहा हात. पाणी जास्त, रंग कमी.

सोमवारी सकाळी काळ्याचे आठ हात झाले होते आणि डिस्टिल्ड पाण्याची शेवटची बाटली संपली. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कामगार सभेच्या बातमीसाठी मिरजोळ्याला निघालो होतो. काकांनी धुतलेली रिकामी बाटली माझ्याकडे दिली. नेहमीचं बॅटरीचं दुकान बंद होतं. पुढे रस्त्यालगत एक गॅरेज होतं. तिथल्या माणसाने मोठ्या डब्यातून बाटली भरून दिली.

"बॅटरीचंच ना?" मी विचारलं.

"होय वो, आम्ही हेच घालताव बॅटरीत," तो म्हणाला.

डब्यावर काय लिहिलं होतं, ते मी पाहिलं नाही.

घरी पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. काका जेवून आडवे झाले होते. बातमी अडीचच्या आत पाठवायची होती आणि थेंब वाळायला चाळीस मिनिटं हवी होती. मी चिकटपट्टी लावली. मिरजोळे, सोमवार, तपासले. खाली सही केली आणि माडीवर गेलो.

तीन वाजता खालून आवाज आला. "थेंब?"

"टाकला."

"कडं?"

"नाही."

त्या पाण्याने काकांनी काळ्याचे शेवटचे दोन हात दिले. साडेपाचला वरून चकाकी मारणारा पारदर्शक थर दिला, तोही त्याच पाण्याने पातळ केलेला. सहाला मी खाली आलो, तेव्हा ते गलबतापासून दोन पावलं मागे उभे होते.

"लाल दिसतोय का आत?" त्यांनी विचारलं.

दिसत होता.

मंगळवारी सकाळी सात वाजता त्यांनी मला हाक मारली. दोन्ही बाजूंना, पाण्याच्या रेषेपासून कठड्यापर्यंत, खडू फिरवून पुसल्यासारखं दिसत होतं. काकांनी ओला कापूस फिरवला. पांढरं गेलं, खालचा काळा वर आला, तांबूस झाकेसकट. काकांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. अकराव्या मिनिटाला ओल सुकली आणि पांढरं परत आलं.

"थरात आहे," ते म्हणाले. "वर नाही."

मग त्यांनी काळी काच पुढे ओढली आणि मिरजोळ्याची बाटली माझ्यापुढे ठेवली.

"टाक."

मी थेंब टाकला. वाटी उपडी घातली, खाली काड्या लावल्या. चाळीस मिनिटं आम्ही दोघे टेबलाशी बसलो. बाहेर पाखाडीच्या पायऱ्यांवरून मासेवाली ओरडत गेली, नेहमीप्रमाणे आमच्या दाराशी थांबली, काका उठले नाहीत म्हणून पुढे गेली. आठ वाजता काकांनी वाटी उचलली आणि काच तिरकी धरली. कडं पांढरं होतं, रुपयाच्या नाण्याएवढं, पूर्ण. त्यांनी बाटली उचलून पट्टीवरचं अक्षर वाचलं. पट्टीवर तीन शब्द होते आणि एक सही, पण वाचायला त्यांना वेळ लागला. बाटली खाली ठेवून ते स्वयंपाकघरात गेले.

बाजार उघडायला दीड-दोन तास होते. मी म्हणालो, ते पाणी गॅरेजमधलं होतं, आता दुकानातून आणतो, नाहीतर औषधाच्या दुकानातून इंजेक्शनचं पाणी आणतो.

"दुकानाचं नको," ते आतून म्हणाले. "बर्फ आण. मिरकरवाड्यावरून."

"तो मासळीचा असतो, काका."

"झाकणावर ठेवायचाय. आत नाही घालायचा."

मी स्कूटरवरून गेलो आणि पोत्यात गुंडाळलेली अर्धी लादी घेऊन परत आलो. काकांनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं होतं. मधे तिवईवर एक वाटी, वर झाकण उलटं, त्याचा फुगवटा खाली वाटीकडे. झाकणाच्या खळग्यात मी बर्फ भरत राहिलो. वाफ झाकणाला लागून पाणी होई आणि मधल्या वाटीत ठिबके. सव्वादहाला वाटी पाऊण भरली. काकांनी ती चिमट्याने बाहेर काढली, बाटलीत ओतली आणि काच पुढे ओढली.

"हे वाफेचं पाणी आहे," मी म्हणालो. "यात क्षार येणारच नाही. चाळीस मिनिटं जातील, आपल्याकडे वेळ नाही."

"कालही नव्हता," काका म्हणाले.

एवढंच म्हणाले. थेंब यावेळी त्यांनी स्वतः टाकला. उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरून. एकच पडला.

पाच मिनिटं कमी अकराला काच स्वच्छ होती.

डोलकाठ्या, दोर आणि शीड चढवलेलं असल्यामुळे गलबत उलटं करता येत नव्हतं. कापसाच्या गादीवर एका कुशीवर निजवूनच ते घासावं लागणार होतं, आणि ओल्या कुशीवर ते परत निजवता येणार नव्हतं. म्हणजे एका वेळी एकच बाजू. काकांनी डावी बाजू वर घेतली. बारीक पॉलिश पेपरने वरचे थर उतरवायला दीड तास लागला. फळ्यांच्या सांध्यांतलं पांढरं त्यांनी सुईने काढलं. हात कापायला लागला की ते थांबत, तळहात टेबलावर पालथा दाबत आणि पुन्हा सुई उचलत. पहिला हात पाऊण वाजता, दुसरा दीडला, तिसरा सव्वादोनला. जेवण झालं नाही. मी प्रत्येक वेळी दुधाइतका पातळ रंग करून दिला. गायीच्या, असं ते म्हणाले नाहीत. साडेतीनला त्यांनी वरचा थर दिला. उजवी बाजू तशीच राहिली.

तांडेल चार वाजून दहा मिनिटांनी आले. सून बरोबर होती. काकांनी गलबत टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं, डावी बाजू खुर्चीकडे, उजवी भिंतीकडे. तांडेल बसले, पुढे झुकले आणि उजवा डोळा नाळेपाशी नेला. तिथून मागे, बोटभर बोटभर करत ते सुकाणूपर्यंत गेले. मधे दोनदा थांबले. आखूड खांबापाशी एकदा हसले.

"नववी पट्टी," शेवटी ते म्हणाले. "मास्तर, तीच."

सुनेने मोबाइल काढून फोटो घेतला.

"ह्या अंगाने धक्क्याला लागायचो आम्ही," तांडेल तिला सांगत होते. "दर्याकडचं अंग पलीकडलं." मग काकांकडे वळून म्हणाले, "ते दाखवा की."

मी दाराशी उभा होतो. काकांनी गलबत स्वतःच दोन्ही हातांनी वळवलं.

"हे झालेलं नाही, तांडेल. पाणी चुकलं."

"कोणाकडनं?"

"माझ्याकडनं."

तांडेलांनी डोळा जवळ नेला. चार बोटं अंतर पाहून मागे घेतला. "किती दिवस लागतील?"

"दोन."

"पहाटे गाडी आहे."

"ठाऊक आहे मला."

सून म्हणाली, "अब्बा, आहे तसंच घेऊन जाऊ या की. भिंतीला लावून ठेवू. तिकडे कोण बघणारे ह्या बाजूला?"

"मी बघणार," तांडेल म्हणाले.

"असं मी देणार नाही," काका म्हणाले. "माझं चुकलंय, ते मी तुमच्या घरी नाही ठेवणार."

तांडेलांनी गलबत पुन्हा डाव्या बाजूला वळवायला सांगितलं. परत एकदा नाळेपासून सुकाणूपर्यंत पाहिलं, या वेळी अधिक सावकाश. सुनेने दोनदा घड्याळ पाहिलं. उठताना ते म्हणाले, "निम्मी पाहिली. निम्मी पाठवा."

उजवी बाजू गुरुवारी पूर्ण झाली. काकांनी ती दोन दिवस उघडी ठेवली. पांढरं आलं नाही. एवढी मोठी पेटी हातात घेऊन मस्कतला जाणारा माणूस मिळायला फेब्रुवारी उजाडला. गलबत पोचल्यावर तांडेलांच्या सुनेने माझ्या फोनवर आवाजी निरोप पाठवला. अब्बांचा उजवा डोळा जानेवारीत गेला. गलबत त्यांच्या पलंगाशेजारी ठेवलं आहे. त्यांनी दोन्ही बाजूंनी हात फिरवला आणि नंतर केलेली बाजू कुठली, ते घरातल्या सगळ्यांना विचारलं. कोणाला सांगता आलं नाही. त्यांनाही हाताला कळलं नाही.

काकांनी निरोप दोनदा ऐकला आणि फोन मला परत दिला.

त्यानंतर मी त्या घरात सव्वा वर्ष राहिलो. फळीची किल्ली माझ्याकडेच होती. थेंब मात्र काका टाकत, मनगट धरून. सोमवारी काय झालं, ते त्यांनी मला कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझी बदली झाली. काका गेल्या वर्षी पुण्यात, मुलीकडे वारले. घर रिकामं करताना तिने मला फोन करून काय हवं ते विचारलं. मी काळी काच मागितली.

ती आता माझ्या टेबलावर आहे. मिरजोळ्याच्या थेंबाचं कडं उजव्या कोपऱ्यात आहे, पुसलेलं नाही. त्याखालच्या चिकटपट्टीवर छापल्यासारख्या अक्षरात चार ओळी आहेत.

मिरजोळे, गॅरेज.
सोमवारी तपासले नाही.
मंगळवारी तपासले.
नापास.

खाली सही काकांची आहे.